आरोग्याच्या नावाने परवाना : मुंबई दारूबंदी अधिनियम आणि औषधी गांजाचा प्रश्न

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९६ मध्ये सार्वमताद्वारे डॉक्टरांच्या शिफारशीवरून गांजा बाळगण्याची व वापरण्याची मुभा रुग्णांना दिली. पुढे २००३ च्या कायद्याने अशा रुग्णांसाठी ओळखपत्राची योजना करण्यात आली. अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, शुल्क आणि शेवटी हाती पडणारे कार्ड, हा क्रम त्यानंतर तेथील अनेक राज्यांनी स्वीकारला. भारतातील कोणत्याही राज्यात रुग्णाला असे कार्ड मिळत नाही. म्हणून हा विषय आपल्याला परका वाटतो. परंतु नाशिक शहरात पावलोपावली दिसणाऱ्या 'परमिट रूम' या पाटीतील 'परमिट' शब्दाचा मागोवा घेतला, तर वेगळेच चित्र दिसते. आरोग्याचे कारण दाखवून निषिद्ध पदार्थ मिळवण्याची शासकीय व्यवस्था या भूमीत कॅलिफोर्नियाच्या कितीतरी आधी उभी राहिली होती. त्या व्यवस्थेचे पुढे काय झाले आणि गांजाच्या बाबतीत तसे का घडले नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मुंबई प्रांतात दारूबंदी आणि वैद्यक यांची सांगड आरंभापासूनच पडलेली दिसते. १९३७ च्या खेर मंत्रिमंडळात सार्वजनिक आरोग्य व अबकारी ही दोन्ही खाती डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्याकडे होती आणि ते स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली ती या डॉक्टर-मंत्र्याच्या कारकिर्दीत. त्याच वर्षाच्या अखेरीस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्याने तो प्रयोग टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ संमत झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण मुंबई राज्यात, अर्थातच नाशिक जिल्ह्यातही, पूर्ण दारूबंदी लागू झाली.

'पूर्ण' हा शब्द मात्र जपूनच वाचावा लागतो. अधिनियमाने दारू सर्वांना निषिद्ध ठरवली आणि त्याच अधिनियमात परवान्यांचे एक मोठे प्रकरणही घातले. परदेशी प्रवासी, परकीय राष्ट्रांचे प्रतिनिधी, ख्रिस्ती धर्मविधीसाठी लागणारे मद्य अशा सवलती त्यात होत्या. सामान्य नागरिकासाठी महत्त्वाचा दरवाजा होता तो आरोग्याचा. कलम ४०-अ नुसार, ज्या व्यक्तीला आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठी वा ते टिकवण्यासाठी विदेशी मद्याची आवश्यकता आहे, तिला 'आरोग्य परवाना' देता येतो. अट एवढीच, की ती व्यक्ती अज्ञान नसावी. ज्या पदार्थाचा त्याग हेच आरोग्य असे सरकार जनतेला सांगत होते, तोच पदार्थ आरोग्यासाठी आवश्यक असल्याचा कागदही सरकारच देत होते. ही विसंगती निव्वळ ढोंग म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण त्यामागे एक तत्त्वही होते. पूर्ण निषेधाच्या कायद्यालाही आजारी माणसापुढे थांबावे लागते, हे ते तत्त्व होय.

न्यायालयाने हे तत्त्व अधिक स्पष्ट केले. एफ. एन. बलसारा यांनी मुंबई उच्च न्यायालयात अधिनियमाला आव्हान दिले. त्यांच्या मागणीत व्हिस्की, ब्रँडी व बिअरबरोबर यूडीकोलन, लव्हेंडर वॉटर आणि मद्यार्कयुक्त औषधेही होती. २५ मे १९५१ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. मात्र मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधनद्रव्ये बाळगण्यावर व वापरण्यावर निर्बंध घालणाऱ्या तरतुदी तेवढ्यापुरत्या अवैध ठरवल्या. पेय आणि औषध यांतील रेषा राज्याला पुसता येणार नाही, असा त्याचा इत्यर्थ.

आरोग्याचा हा दरवाजा सर्वांसाठी सारखा उघडा नव्हता. कलम ४०-अ मधील परवाना विदेशी मद्यापुरता आहे. पेठ व सुरगाणा भागातील कोकणा, वारली किंवा महादेव कोळी कुटुंबात देवकार्यात व जन्म-मृत्यूच्या विधींत मोहाच्या दारूला स्थान होते. तिच्यासाठी असा परवाना नव्हता. मोहाशी सरकारचे वैर त्याहून जुने होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारच्या मुठीत आणली आणि १८९२ च्या मोह कायद्याने शेजारच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध घातले. परवान्यासाठी अर्ज लिहिता येणे, कचेरी गाठता येणे आणि बाटलीची किंमत परवडणे या गोष्टी लागत. ज्याला हे जमे त्याचे पिणे 'प्रकृतीसाठी' ठरे. ज्याला जमत नसे त्याचे पिणे हातभट्टीच्या गुन्ह्यात मोडे. एकाच कायद्याने एकाला रुग्ण केले आणि दुसऱ्याला आरोपी.

१ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले तेव्हा हा अधिनियम महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. गुजरातने दारूबंदी ठेवली, त्यामुळे तेथे आरोग्य परवान्यातील डॉक्टरही टिकला. महाराष्ट्रात १९६० च्या दशकात बंदी सैल होत गेली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियमही आले. अधिनियम रद्द झाला नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने तो आजही लागू आहे. एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. ठरलेले वय व शुल्क एवढेच पाहिले जाते. नाडी कोणी पाहत नाही. आरोग्याच्या कारणावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेतून डॉक्टर निघून गेला आणि परवाना मागे राहिला.

गांजाचा प्रवास याच्या नेमका उलट झाला. भांगेला आयुर्वेदात 'विजया' म्हणतात. अतिसार व ग्रहणीवरील शार्ङ्गधरसंहितेतील जातीफलादी चूर्णात ती एक घटक आहे. १८३९ मध्ये कलकत्त्यात डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी आपले प्रयोग मांडल्यानंतर ती पाश्चात्त्य वैद्यकातही गेली. ब्रिटिश पार्लमेंटमधील प्रश्नावरून १८९३ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमले गेले. १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून कमिशनने १८९४ मध्ये जो अहवाल दिला, तो आजही वाचण्याजोगा आहे. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्ह्यात गांजाची लागवड होत असे. माणसांसाठी घरगुती औषध म्हणून आणि गुराढोरांच्या उपचारातही या वनस्पतीचा वापर होत असल्याचे कमिशनने नोंदवले. मर्यादित सेवनाने सहसा हानी होत नाही, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही. कर व परवाने यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. महसुलावर डोळा असलेल्या सरकारला तो सोयीचा होता हे खरे. पण सोयीचा म्हणून तो खोटा ठरत नाही.

मुंबई दारूबंदी अधिनियमाने भांग, गांजा व चरस यांनाही मादक द्रव्यांत धरले. औषधी, शास्त्रीय वा शैक्षणिक कारणांसाठी अनुज्ञप्ती देण्याची तरतूद त्यात आहे. परंतु विदेशी मद्याप्रमाणे वैयक्तिक आरोग्य परवाना गांजासाठी केला गेला नाही. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर वैद्यकेतर वापर संपवण्याचे बंधन आले आणि १९८५ चा एन.डी.पी.एस. कायदा १४ नोव्हेंबरला अमलात आला. त्याच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे व राळ आहेत. शेंड्यांविना असलेली पाने व बिया नाहीत. भांग केंद्रीय कायद्यातून सुटली ती या व्याख्येमुळे. महाराष्ट्रात मात्र राज्याच्या अधिनियमात ती अडकलेलीच राहिली. सिंहस्थात गोदाकाठी येणाऱ्या साधूंच्या चिलमीलाही कायद्यात सवलत नाही. ख्रिस्ती धर्मविधीतील मद्याला जी आहे, तिची येथे आठवण होते.

तथापि १९८५ च्या कायद्याने वैद्यकाचा दरवाजा लावून घेतलेला नाही. कलम ८ मधील निषेधातच वैद्यकीय व शास्त्रीय प्रयोजनांचा अपवाद आहे, आणि कलम १० नुसार चरस वगळता गांजाचे उत्पादन, बाळगणे, विक्री व वापर यांना परवानगी देऊन त्यांचे नियमन करण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे आहे. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला १९६१ च्या करारातील सर्वांत कडक अनुसूचीतून वगळले, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. विजयेच्या पानांपासून केलेली आयुर्वेदिक औषधे देशात वैद्याच्या चिठ्ठीवर विकलीही जातात. पण तो परवाना उत्पादकाचा असतो, रुग्णाचा नव्हे.

नाशिकमधील धडधाकट माणसाला मद्याचा परवाना डॉक्टरांशिवाय मिळतो. केमोथेरपीने मळमळणाऱ्या रुग्णाच्या डॉक्टरांना मात्र गांजासाठी शिफारस करावीशी वाटली, तरी तिच्यासाठी अर्जाचा नमुनाच नाही. मॉर्फिनचीही अशीच कोंडी झाली होती. १९८५ नंतर राज्याराज्यांच्या वेगवेगळ्या परवान्यांमुळे कर्करुग्णांना ते मिळणे दुरापास्त झाले. अखेर २०१४ च्या दुरुस्तीने 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' हा वर्ग निर्माण करून त्यांचे नियम केंद्राकडे घेण्यात आले, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना एकाच मंजुरीवर ती ठेवता येऊ लागली. गांजाच्या बाबतीत कलम १० चा अधिकार राज्याकडेच आहे. रुग्णासाठी तो वापरणारे नियम महाराष्ट्रात अद्याप झालेले नाहीत.