राज्यशास्त्र घेऊन काय करणार?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बोईसरमध्ये ठरलेली चर्चा सुरू होते. आयटीआय की डिप्लोमा, केमिकल की फार्मसी. यंदा शेजारच्या मुलीने मधेच सांगून टाकलं की ती बीए करणार आणि राज्यशास्त्र घेणार. तिचे वडील एमआयडीसीत पाळीने जातात. मला म्हणाले, "दादा, तुम्ही पण तेच शिकलात ना? सांगा जरा तिला. निवडणूक लढवणार आहे का ती?"

तेव्हा मला धड उत्तर सुचलं नाही. म्हणून आता लिहितोय. जरा लांब आहे, डहाणू लोकलमध्ये निवांत वाचा.

चूक आपली नाही. शाळेत हा विषय आपल्याला भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेली काही पानं म्हणून. राष्ट्रपतींचे अधिकार, राज्यसभेची मुदत, पाठ करा आणि विसरा. मूळ विषय तसा नाही. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी 158 राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केली होती, कुठे कोण राज्य करतो आणि ते का टिकतं किंवा का कोसळतं, हे बघायला. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' आहेच. विद्यापीठातला वेगळा विषय म्हणून हे बरंच अलीकडचं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 1880 मध्ये राज्यशास्त्राचं स्कूल निघालं, आणि 1913 मध्ये बाबासाहेब शिकायला गेले ते त्याच विद्यापीठात.

या विषयातला मला सगळ्यात आवडलेला वाद सांगतो. रॉबर्ट डाल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1961 मध्ये एका शहराचा अभ्यास करून पुस्तक लिहिलं. त्याची पद्धत सोपी होती. शहरात निर्णय कोणते झाले ते बघा, त्यात कोणाचं म्हणणं चाललं ते बघा, म्हणजे सत्ता कोणाकडे आहे ते कळेल. 1974 मध्ये स्टीव्हन ल्यूक्सने त्याला मोठी पाचर मारली. तो म्हणाला, जिथे भांडणच झालं नाही तिथलं काय? लोक तक्रार करत नाहीत म्हणजे ते राजी आहेत, असं कसं धरता? तक्रार मनातच येऊ न देणं ही तर सत्तेची सगळ्यात मोठी करामत.

हे वाचताना मी कॉलेजात होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर अमेरिका नव्हती, तलासरी होती.

आपल्या जिल्ह्यातल्या वारल्यांची वेठबिगारी तुम्ही ऐकून असाल. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही त्याचे गुलाम, त्यांना लग्नगडीच म्हणत. पिढ्यानपिढ्या हे चाललं. सरकारला माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. मुंबई सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल 1939 मध्ये छापूनही आला होता आणि त्यात वेठीचं वर्णन होतं. अहवाल झाला, वेठ चालूच राहिली. निर्णय न घेणं हाही एक निर्णयच असतो, तो कोणाच्या सोयीचा होता हे वेगळं सांगायला नको.

मग 1945 आलं. गोदावरी परुळेकर फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकलेल्या, पुढे वकिलीची पदवी घेतलेल्या. (कोणी विचारलं राज्यशास्त्र घेऊन काय करणार, तर हे एक नाव सांगा.) त्या आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या कामासाठी या भागात आले. 23 मे 1945 ला झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. पाठोपाठ गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला, 500 पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. तरी वेठ पुन्हा उभी राहिली नाही.

मला नेहमी पडणारा प्रश्न असा की मे महिन्यात बदललं काय? कायदा तोच, जमीनदार तेच, भूकही तीच. माझ्या मते बदललं एवढंच की शेकडो पाड्यांवरची माणसं पहिल्यांदा एका जागी बसली आणि आपल्यासारखंच दुसऱ्यालाही वाटतं हे त्यांना ऐकू आलं. गोदावरीबाईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' याच काळावर आहे. त्या नावातच ल्यूक्सला उत्तर आहे असं मला वाटतं, आणि ते पुस्तक त्याच्या आधीचं, 1970 चं.

तारापूरचं थोडक्यात सांगतो. 1963 चा करार दिल्ली आणि वॉशिंग्टनमध्ये झाला, 1969 मध्ये अणुवीज सुरू झाली. 1974 ची चाचणी पोखरणला झाली, पण इंधन अडलं आपल्या तारापूरचं. अमेरिकेने हात आखडता घेतला, मग 1982 पासून फ्रान्सने दिलं. पुढे अणुभट्टी 3 आणि 4 साठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आंतरराष्ट्रीय राजकारण म्हणजे काय, हे त्या गावांना कोणी शिकवायची गरज नाही. वाढवणचंही तसंच. 1998 मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने बंदराला नाही म्हटलं, 2023 मध्ये हो म्हटलं. बंदर हवं की नको यावर इथे वाद नको. पण त्याच किनाऱ्याबद्दल उत्तर का बदललं, हे शोधणं म्हणजे राज्यशास्त्र.

आता परत त्या शेजाऱ्यांकडे येतो. त्यांचं मूळ गाव विक्रमगडकडचं, म्हणजे पेसा क्षेत्रातलं. 1996 च्या या कायद्याने तिथल्या ग्रामसभेला मोठा मान दिला. पण त्याची भाषा नीट वाचा. गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे. जमीन संपादनाआधी मात्र फक्त सल्लामसलत. विचारायचं बंधन आहे, ऐकायचं नाही. या एका शब्दाच्या फरकावर एकरच्या एकर जमिनी इकडच्या तिकडे होतात. मी स्वतः एका ग्रामसभेला बसलोय जिथे माणसं आली, वहीत सही केली आणि विषय वाचायच्या आत निघून गेली. कागदावर गाव राजी.

हे सगळं त्यांना परवा ओट्यावर बसून सांगितलं. ते गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या गावच्या वहीत पण माझी सही असेल. कशावर केली ते आठवत नाही."

मुलीने लगेच विचारलं, ती वही बघायला मिळते का. म्हटलं, अर्ज दे, बघू. अर्ज तिनेच लिहिलाय. पुढच्या सुट्टीला आम्ही तिघं ग्रामपंचायतीत जाणार आहोत.