भुकेच्या हिवाळ्यांतलीं बालकें

युद्धाचा इतिहास लिहितांना लढायांच्या तारखा आणि सेनापतींचीं नांवें सहसा विसरलीं जात नाहींत. पण लढाईच्या वेळीं जें मूल आईच्या उदरांत होतें त्याचें पुढें काय झालें, हें विचारण्याची वहिवाट नाहीं. हॉलंडमधील १९४४-४५ च्या हिवाळ्यानें मात्र हा प्रश्न विचारावयास लावला.

१९४४ च्या सप्टेंबरांत दोस्त सेना ऱ्हाइन ओलांडण्याच्या उद्देशानें आर्नहेमपाशीं उतरल्या. त्यांस साहाय्य व्हावें म्हणून लंडनमधील डच सरकारनें रेल्वे-कामगारांस संपाची हांक दिली. संप झाला, परंतु मोहीम फसली आणि देशाचा पश्चिम भाग जर्मनांच्याच ताब्यांत राहिला. सूड म्हणून जर्मन अधिकाऱ्यांनीं त्या भागाकडे जाणारें अन्न अडविलें. नोव्हेंबरांत जलमार्गापुरती बंदी सैल झाली, तर पुढें कडक थंडीनें कालवेच गोठले. ॲम्स्टरडॅम, रॉटरडॅम, हेग, लायडेन हीं संपन्न शहरें अन्न आणि कोळसा या दोहोंनाही मुकलीं.

माणशीं मिळणारा शिधा नोव्हेंबरअखेर दिवसाला १,००० उष्मांकांच्या खालीं आला. डिसेंबर ते एप्रिल तो ४०० ते ८०० च्या दरम्यान राहिला. लोक साखरेचें बीट आणि ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊं लागले. हजारों मुलांस दूरच्या शेतकऱ्यांच्या घरीं पाठविण्यांत आलें. तान्ह्या बालकांचा शिधा शक्य तों राखला गेला. गरोदर स्त्रियांचा जादा शिधा मात्र ऐन दुष्काळांत देतां येईना. २९ एप्रिल १९४५ पासून ब्रिटिश विमानें अन्नाचीं पोतीं टाकूं लागलीं आणि ५ मे रोजीं जर्मन सैन्य शरण आलें. तोंपर्यंत सुमारें २०,००० माणसें भुकेनें गेलीं होतीं.

जीं मुलें त्या दिवसांत जन्मलीं, त्यांच्या जन्माच्या नोंदी सुइणींनीं व रुग्णालयांनीं टिकवून ठेविल्या. दुष्काळाचा आरंभ आणि शेवट निश्चित ठाऊक असल्यामुळें, गर्भाच्या कोणत्या महिन्यांत आई उपाशी होती हें सांगतां येई. शेवटच्या तीन महिन्यांत भूक सोसलेल्या मातांचीं बालकें सरासरीनें सुमारें ३०० ग्रॅम हलकीं निघालीं. ज्यांच्या माता आरंभींच्या महिन्यांत उपाशी होत्या, तीं मात्र नेहमींच्याच वजनाचीं जन्मलीं; म्हणून त्यांच्याविषयीं कोणास शंकाही आली नाहीं.

परंतु खरा हिशेब पुढेंच व्हावयाचा होता. सैन्यभरतीच्या वेळीं तपासलेल्या १९ वर्षांच्या तरुणांच्या नोंदी स्टाइन, ससर व रावेली यांनीं अभ्यासिल्या. बुद्धीवर दुष्काळाचा परिणाम आढळला नाहीं, ही समाधानाची गोष्ट. पण गर्भावस्थेच्या पूर्वार्धांत उपास घडलेल्यांमध्यें स्थूलता अधिक होती, असें १९७६ मध्यें प्रसिद्ध झालें. पन्नाशीच्या सुमारास या पिढीच्या रक्तांतील साखर आवरण्याची शक्ति कमी पडलेली दिसली. गर्भाच्या आरंभीं भूक भोगलेल्यांत हृदयविकारही अधिक आढळला. २००८ मध्यें तर अशा माणसांच्या एका वाढीशीं संबंधित जनुकावरील रासायनिक खुणा, त्यांच्याच भावंडांच्या मानानें, विरळ झालेल्या आढळल्या. सहा दशकांपूर्वींची भूक शरीरानें जणुं टिपून ठेविली होती. जें शरीर टंचाईसाठीं घडलें, त्यास पुढील सुबत्ता पेलली नसावी, असा तर्क शास्त्रज्ञ करितात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. हॉलंडची भूक सहासात महिन्यांची होती, तिच्या आधीं बरें पोषण होतें आणि नंतर लवकरच पोटभर अन्न आलें. जेथें युद्ध वर्षानुवर्षें चालतें, पाणी दूषित होतें आणि दवाखाने ओस पडतात, तेथें बालकांची उंचीच खुंटते आणि गोंवर, अतिसार यांसारखे साधे रोगही प्राणघातक ठरतात.

तहाच्या कागदावर युद्धाच्या समाप्तीची एक तारीख घातलेली असते. त्या हिवाळ्यांत गर्भांत असलेल्या डच बालकांपुरतें पाहिलें तर ती तारीख फार लवकर घातली गेली.