मत्स्यालयातील पाण्याची कठिनता व सामू

गोड्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे एकूण कठिनता येते. कार्बोनेट कठिनता ही मुख्यतः बायकार्बोनेटांची मोजणी असते. जर्मन मापनपद्धतीतील 1 अंश म्हणजे लिटरमागे सु. 17.8 मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट.

सामू (पीएच) टिकतो तो या बायकार्बोनेटांच्या जोरावर. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होते आणि बायकार्बोनेट खर्ची पडते. साठा संपला की महिनोन्‌महिने स्थिर राहिलेला सामू एकाएकी कोसळतो. बाजारात मिळणारी ‘सामू कमी करण्याची’ द्रव्ये कठीण पाण्यात ओतणे बहुधा व्यर्थच. एकदोन दिवसांत आकडा मूळपदावर येतो आणि त्या चढउताराचा त्रास माशांना होतो. सामू वाढवतानाही घाई नको, कारण अमोनियाचे विषारी रूप त्याबरोबर वाढते.

दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी पुष्कळदा कठीण असते. त्यात आरओचे पाणी मिसळून कठिनता उतरवतात. पाणी उकळल्यास फक्त तात्पुरती (बायकार्बोनेटांमुळे आलेली) कठिनता जाते. उलट मृदू पाण्यासाठी फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवतात. 50 लिटर पाण्यात सु. 6 ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्यास कार्बोनेट कठिनता सु. 4 अंशांनी वाढते, एकूण कठिनता मात्र तेवढीच राहते.

ॲमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्राला मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. मलावी सरोवरातील सिक्लिडांना अल्कधर्मी. दोघांना एका टाकीत ठेवू नये.