सोनें, पीठ आणि बळी

परभणी येथें सांपडलेल्या एका ताम्रपटानें संस्कृत वाङ्मयाच्या अभ्यासकांस एका थोर ग्रंथकाराचा ठावठिकाणा दिला आहे. शके ८८८, म्हणजे इ. स. ९६६ मधील हा लेख वेमुलवाडच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या अरिकेसरीचा असून, शुभधाम नांवाच्या जिनालयासाठीं सोमदेवसूरि या जैन आचार्यास दिलेल्या गांवाची त्यांत नोंद आहे. याच सोमदेवानें त्यापूर्वीं सात वर्षें, इ. स. ९५९ मध्यें, 'यशस्तिलक' हा चंपू पुरा केला होता. 'तुंबाड' या चित्रपटाविषयीं लिहावयास बसलों असतां आम्हांस प्रथम या ताम्रपटाची आठवण व्हावी, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु त्या चित्रपटांतील भयाचा कस लावावयाचा तर सोमदेवासारखा जुना आणि कडक परीक्षक दुसरा मिळणें कठीण.

राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रदर्शित झाला, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत पुन्हा लागला तेव्हां पहिल्या खेपेहून अधिक गल्ला जमवून गेला. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून आलें. बीज नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेंतलें. काळ १९१८ ते १९४७ असा, आणि स्थळ कोंकणांतील एक पडका वाडा. समृद्धीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्यानें आईचें सारें सोनें बळकावलें आणि मग धान्याकडे हात वळविला. तेव्हां इतर देव त्याच्यावर तुटून पडले. देवीनें त्याला आपल्या गर्भांत लपविलें, पण त्याची पूजा कधींही होऊं नये या अटीवर. वाड्याच्या पोटांत त्या गर्भाची वाट आहे. विनायकराव पिठाची बाहुली घेऊन दोरावरून तींत उतरतो, भुकेला हस्तर बाहुलीवर झडप घालतो, आणि तेवढ्या अवधींत त्याच्या कमरेच्या वस्त्रांतून चार नाणीं खेंचून हा वर पळतो.

यांतील उत्तम भाग कोणता म्हणाल, तर भयाला दिलेलें धंद्याचें रूप. विनायकराव पुण्याहून तुंबाडास जातो तो एखादा अडत्या बाजाराला जावा तसा. अंग कमावणें, दोर तपासणें, कणीक मळणें, परत येऊन नाणीं मोजणें, हें सारें इतक्या शांतपणें दाखविलें आहे कीं राक्षसापेक्षां त्या नियमितपणाचीच धास्ती वाटूं लागते. पुढें तो आपल्या कोवळ्या मुलाला हेंच कसब शिकवूं लागतो. चित्रपटांतील सर्वांत भीषण प्रसंग आमच्या मतें हाच. पंकज कुमार यांचें छायालेखन आणि तो न थांबणारा पाऊस यांची वाखाणणी पुष्कळांनीं केली आहे, तींत भर घालण्याचें कारण नाहीं. मात्र सोन्याच्या राशीवर बसलेला, पण मूठभर धान्यासाठीं तळमळणारा देव ही कल्पना १९७२ चा दुष्काळ घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या मराठवाड्यांतील माणसाला जशी भिडेल, तशी ती इतरांस क्वचितच भिडेल.

हा हस्तर कोणत्याही पुराणांत नाहीं. हें नांव अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकांत धनगरांचा एक सौम्य देव म्हणून आढळतें. पुढें तेथील भयकथाकारांनीं त्याला उग्र केलें. स्टीफन किंगच्या ज्या कथेवरून धारपांची 'आजी' बेतलेली आहे, तींतही तें येतें. म्हणजे हा देव सातासमुद्रांपलीकडून पायरी पायरीनें कोंकणांत उतरला! आम्हांस यांत दोष दिसत नाहीं. गांवोगांवचे देव असेच कोठून कोठें येऊन बसलेले असतात.

पीठ मात्र अस्सल येथलें आहे. जिवंत पशूऐवजीं पिठाचा पशु करून अर्पावा, या पिष्टपशूच्या विधीवर आपल्याकडे शतकानुशतकें वाद झाले. माध्व संप्रदायानें तो आग्रहानें स्वीकारला. घरोघर कोहळा फोडतात त्यामागेंही हीच तडजोड आहे. एका जिवाचें रक्त वांचावें म्हणून शोधलेली ही युक्ति 'तुंबाड'मध्यें गळाला लावलेलें आमिष होते. दया म्हणून आलेली वस्तु लोभाच्या हातीं हत्यार बनते, ही सूझ दिग्दर्शकाची जाणून केलेली असो वा नसो, फार मार्मिक आहे.

आतां सोमदेवाकडे वळूं. 'यशस्तिलकां'त मारिदत्त राजा एका तांत्रिकाच्या नादीं लागून चण्डमारी देवीपुढें सर्व जातींच्या प्राण्यांचीं जोडपीं बळी देण्यास सिद्ध होतो. हेतु एकच, दिव्य खड्ग आणि सत्ता मिळावी. माणसांचें जोडपें म्हणून दोन अल्पवयीन तपस्वी, भाऊ आणि बहीण, धरून आणले जातात. तीं दोघें राजाला आपल्या पूर्वजन्मांची हकीकत सांगतात: एका जन्मीं आपण माता आणि पुत्र होतों, आईच्या आग्रहावरून देवीपुढें पिठाचा कोंबडा कापला, मारण्याचा संकल्प केला तेवढ्यानेंच पशूंच्या योनींतून मरत मरत फिरावें लागलें. राजा शस्त्र खालीं ठेवतो. येथें देवी आहे, तांत्रिक आहे, पुनर्जन्म आहेत. भयाच्या सामग्रीस कांहींच उणें नाहीं. तथापि कथा सांगतो कोण? ज्याच्या मानेवर सुरी आहे तो.

सोमदेवाचें नांव कोरलेला पट ज्या परभणीस मिळाला, तिच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर मानवत आहे. तेथें १९७२ ते १९७४ या काळांत लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्यानें तपास केला, आणि पिंपळाखालचें गुप्तधन व संततीची आस यांपायीं हे बळी दिले गेले अशी हकीकत खटल्यांत मांडली गेली. गुप्तधनाची समजूत अगदींच हवेंतून आलेली नसते. पेढ्या नव्हत्या आणि लुटालुटीची धास्ती होती, त्या काळीं लोक खरोखरच पैसा पुरीत. नांगरास कधीं कधीं हंडा लागेही. पडक्या देवळांतून मूर्तीखालची जमीन उकरलेली आम्हीं स्वतः पाहिली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचींत गुप्तधनाच्या निमित्तानें होणाऱ्या अघोरी कृत्यांचा निराळा उल्लेख करावा लागला, तो उगीच नव्हे.

'तुंबाड'चें उणें आम्हांस येथें दिसतें. त्याचा हिशेब असा कीं लोभी माणूस स्वतः खालीं उतरतो आणि स्वतःच शापानें सडतो. सावकारी करणाऱ्या राघवाला विनायकराव फसवून मृत्यूच्या तोंडीं देतो हें खरें. पण राघवही हांवरा, म्हणून त्याच्यासाठीं प्रेक्षकाचा जीव तुटत नाहीं. दोर, बाहुली आणि बळी हीं सर्व लोभ्यांच्या आपसांतलींच राहतात. मानवतास किंमत मोजली ती ज्यांना त्या धनाची गंधवार्ताही नव्हती अशा पोरींनीं. शिवाय चित्रपटांतलें सोनें खरें आहे. दुसऱ्या खेपेस आम्हीं तो पाहिला तेव्हां आमचा एक जुना विद्यार्थी बरोबर होता. लोभाच्या परिणामांविषयीं आमचें प्रवचन संपल्यावर तो नम्रपणें म्हणाला, "पण सर, सोनं तर निघालंच की." आमच्याजवळ चटकन् उत्तर नव्हतें. शाप दाखवून लोभ्यास भिववितां येईल. पण ज्याची श्रद्धाच गुप्तधनावर आहे त्याला हा चित्रपट प्रथम, तुझें बरोबर आहे, असें सांगतो आणि मग भीति घालतो. अशा माणसाला भीतीचें काय? तो बळी दुसऱ्याचा देणार असतो. स्त्रियांची मांडणीही अशीच तोकडी: आई, विधवा, पत्नी येतात, विनायकरावाच्या वाटेंतून बाजूस होतात, आणि कॅमेरा पुन्हा त्याच्याकडे वळतो.

मानवतच्याच प्रकरणावर १९८१ सालीं अमोल पालेकर यांनीं 'आक्रीत' काढला. लेखन विजय तेंडुलकरांचें. 'तुंबाड'पुढें तो रूपानें साधा वाटेल. त्यांत पाऊस नाहीं, गर्भ नाहीं, हस्तर नाहीं. पण त्यांत झाडाखालीं कांहींही निघत नाहीं, आणि मेलेलीं मेलेलींच राहतात. त्या विद्यार्थ्यास आम्हीं तो पाहण्यास सांगितलें आहे. 'यशस्तिलक' वाच म्हणण्याचा धीर मात्र झाला नाहीं, तें संस्कृत फार अवघड आहे.