हँडब्रेक हातातून गेला, त्याची गोष्ट

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी धावत नाही. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. तेव्हा सगळ्यांनी काळ्या-पिवळ्या रंगावर लिहिलं. मला मात्र तिचा हँडब्रेक आठवतो. हातानं ओढायचा, हातानं सोडायचा. बॅटरी बसली तरी गिरगावातल्या वाडीत चौघं जमायची, ब्रेक सोडून, गाडी न्यूट्रलला टाकून बाजूला ढकलायची. वाट मोकळी!

२००१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये बटणाचा ब्रेक आला. आज तो आपल्याकडच्या मधल्या किमतीच्या गाड्यांतही आहे. बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांपाशी छोटी मोटर असते. ती स्क्रू फिरवते आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. वीज गेली तरी पकड सुटत नाही, हे सुरक्षेचंच. पण सोडायलाही वीजच लागते!

आपल्या लोकलचं बघा. चेन ओढली की नळीतली हवा सुटते आणि ब्रेक लागतात. हवा गेली की गाडी थांबलीच पाहिजे, हे तत्त्व वेस्टिंगहाउसनं १८७२ मध्ये आणलं. पण चेन ओढल्यावर रेल्वेचा माणूस त्या डब्यापाशी जाऊन हातानं ती पूर्ववत करतो, म्हणजे सोडवायची सोयही ठेवलेली आहे. मोटारीत मात्र काही मॉडेल सोडली तर ती नाही.

म्हणून ब्रेक अडकला तर आधी चाकाला दगड लावा. इग्निशन चालू करून, ब्रेकचं पेडल घट्ट दाबून बटण दाबा. नाही सुटला तर बॅटरी तपासा, जंपर लावून बघा, मग फ्यूज. पावसात गाडी बरेच दिवस उभी असेल तर गंजानं पॅडच चिकटलेले असू शकतात. ओढून फरफटवू नका. मेकॅनिकला बोलवा, नाहीतर मागची चाकं उचलून न्या.

हा एकट्या मालकाचा प्रश्न नाही. लालबाग-परळच्या चाळीच्या तोंडाशी अशी एक गाडी अडकली, तर बंब आत यायचा कसा? चौघांच्या ढकलण्यानं ती हलणार नाही. म्हणून कंपन्यांनी हातानं ब्रेक सोडायची सोय द्यावी, आणि तोवर आपण बंबाच्या वाटेवर गाडी लावू नये. पटलं तर आपल्या वाडीच्या ग्रुपवर टाका.