सॉइल हेल्थ कार्ड कसं वाचायचं? यवतमाळच्या काळ्या मातीचे १२ आकडे, सोप्या भाषेत

मागच्या उन्हाळ्यात कळंब तालुक्यातल्या माझ्या मामाजींनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "पाहून सांग बरं, काय म्हणते हे." फोटो सॉइल हेल्थ कार्डचा होता, म्हणजे आपली जमीन आरोग्य पत्रिका. मी इंजिनिअर असलो तरी कॉम्प्युटरचा, मातीचा नाही. तरी आकडे बघून ठोकून दिलं, "जस्त भरपूर आहे मामाजी, झिंक सल्फेट घेऊ नका." ते चुकलं. कसं चुकलं ते पुढे येईलच, आधी कार्ड समजून घेऊ.

ही योजना केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सूरतगढ इथून सुरू केली. कार्डवर मातीच्या १२ तपासण्या असतात: सामू (पीएच), क्षारता (ईसी), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. खाली पिकानुसार खताची शिफारस छापलेली असते. आपण बहुतेक जण सरळ त्या शिफारशीवर उडी मारतो आणि वरचे आकडे बघतच नाही.

सगळ्यात आधी सामू बघा

यवतमाळची काळी माती बेसाल्ट खडकापासून बनली आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा हा लाव्हा. या मातीत चिकणमाती जास्त आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीही असते, म्हणून सामू साधारण ७.५ ते ८.५ च्या दरम्यान येतो, म्हणजे माती थोडी विम्लधर्मी. हा एक आकडा बाकीच्या अनेक आकड्यांवर राज्य करतो. सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं जस्त साधारण शंभर पटीने कमी होतं. लोहाची गत त्याहून वाईट. आणि तुम्ही टाकलेलं स्फुरद चुन्याला चिकटून बसतं. मातीत माल आहे, पण मुळाला मिळत नाही. मोबाईलला टॉवर दिसतोय पण नेट चालत नाही, तसं काहीसं.

म्हणूनच लॅब मातीतलं "एकूण" स्फुरद मोजत नाही, "उपलब्ध" मोजते. त्यासाठी आपल्यासारख्या मातीत ऑल्सनची पद्धत वापरतात (१९५४ ची आहे, अजून चालते). सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात माती हलवायची आणि द्रावणात जेवढं स्फुरद उतरलं तेवढं पिकाला मिळेल असं धरायचं. कोकणातल्या आम्लधर्मी मातीला ब्रेची वेगळी पद्धत लागते. जस्त, लोह, तांबे, मंगल यांच्यासाठी डीटीपीए नावाचं रसायन वापरतात. ही पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये मांडली. त्यात जस्त ०.६ पीपीएमच्या खाली आलं की कमतरता समजतात, लोहाला ही रेषा ४.५ आहे.

सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर चांगला. नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली म्हणजे कमी. पालाश काळ्या मातीत बहुतेक वेळा बऱ्यापैकी निघतं, त्यामुळे तिथे फार थांबत नाही.

हेक्टर की एकर?

कोड लिहिताना सगळ्यात जास्त चुका युनिटच्या होतात, शेतातही तेच. शिफारस अनेकदा हेक्टरी असते आणि आपण बोलतो एकरात. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर. हेक्टरचा आकडा एकरात टाकला तर खर्च अडीच पट, खतही अडीच पट.

समजा कपाशीला हेक्टरी ६०:३०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश असं लिहिलंय (हे फक्त उदाहरण आहे, तुमच्या कार्डवरचाच आकडा घ्या). एकरी झालं साधारण २४:१२:१२. आता डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं, म्हणून १२ किलो स्फुरदासाठी २६ किलो डीएपी, अर्ध्या बॅगेपेक्षा जरा जास्त. त्यातून पावणेपाच किलो नत्र फुकटात आलं. उरलेलं नत्र युरियातून, ज्यात ४६ टक्के असतं, म्हणजे सुमारे ४२ किलो. युरियाची बॅग आता ४५ किलोची आहे, तर एक बॅग पुरते, आणि ती एकदम नाही, हप्त्याने द्यायची. पालाशसाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक खाच. खताच्या बॅगेवरचं स्फुरद हे पी-टू-ओ-फाइव्हच्या रूपात मोजलेलं असतं, काही लॅब रिपोर्टवर मात्र शुद्ध फॉस्फरस असतो. दोघांत २.२९ चा गुणक आहे. रिपोर्टवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तुलना करू नका.

आता माझी चूक

योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुने ग्रिडने घेतले गेले. बागायती भागात दर २.५ हेक्टरला एक नमुना, कोरडवाहू भागात दर १० हेक्टरला एक. यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहूच जास्त. १० हेक्टर म्हणजे जवळजवळ २५ एकर, आणि त्या चौकोनातल्या सगळ्यांच्या कार्डवर एकाच नमुन्याचे आकडे.

कार्डवर नमुन्याचे अक्षांश-रेखांश असतात. दोन दिवसांनी सहज म्हणून मी ते गुगल मॅप्सच्या सर्चमध्ये टाकले (इंग्रजी अंकांत, मध्ये स्वल्पविराम). पिन पडली नाल्याकाठच्या शेजाऱ्याच्या शेतात. तिथे खोल काळी. मामाजींचं वावर वरच्या अंगाला, बरड, हातभर खणलं की मुरूम. एकाच ग्रिडमध्ये दोन वेगळ्या जमिनी. मी शेजाऱ्याचं जस्त बघून मामाजींना सल्ला दिला होता. नशीब, पेरणीला वेळ होता. फोन केला तर ते म्हणाले, "मंग आमची माती कोनं तपासली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मित्रांनो, तुम्ही आज एवढं करा: घरच्या कार्डची पिन कुठे पडते ते बघा. आता नमुना घेताना ॲपमध्ये जागा आपोआप नोंदवली जाते आणि नमुन्याला क्यूआर कोड लागतो. त्याने पिशव्यांची अदलाबदल टळते, पण जुनं कार्ड जुनंच राहतं.

स्वतःचा नमुना कसा घ्यायचा

पीक निघाल्यावर, पेरणीच्या आधी. एप्रिल-मे उत्तम. खोल काळी आणि बरड एकाच पिशवीत मिसळू नका, दोन वेगळे नमुने करा. नागमोडी चालत ८-१० ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा वीतभर खड्डा करा, आतली माती काढून टाका आणि खड्ड्याच्या भिंतीची वरपासून खालपर्यंत पातळ चकती घ्या. बांध, झाडाखालची जागा, शेणखताच्या ढिगाची जागा, विहिरीजवळचा भाग सोडून द्या. सगळी माती गोणपाटावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेका, परत मिसळा, अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवा. जस्त तपासायचं असेल तर जस्ताची बादली आणि खताची रिकामी पिशवी वापरू नका, मातीऐवजी बादलीचा रिपोर्ट येईल. नमुना कृषी विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत देता येतो. सल्ल्यासाठी यवतमाळमध्येच अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे.

कार्डवर नसलेली गोष्ट: लाल्या

कपाशीची पानं बोंडं भरायच्या वेळी लाल पडतात, त्याला आपल्याकडे लाल्या म्हणतात. हा रोग नाही. बोंडं एकदम अन्न ओढतात, नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडतं, हिरवं हरितद्रव्य ओसरतं आणि लाल रंगद्रव्य दिसू लागतं. रात्री थंड झाल्या की आणखी वाढतं. बरड जमिनीत ओल लवकर तुटते, म्हणून तिथे आधी दिसतं. गंमत म्हणजे मॅग्नेशियम त्या १२ तपासण्यांत नाहीच! लॅबला वेगळं सांगावं लागतं. उपाय म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आणि युरियाची फवारणी सुचवतात, पण प्रमाण कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच. आधी पानाची खालची बाजू बघा. तुडतुडे असतील आणि कडा खाली वळल्या असतील तर प्रकरण वेगळं आहे, खताचा पैसा वाया जाईल.

मामाजींच्या बरड वावराचा रिपोर्ट मेच्या शेवटी आला. सामू ८.१, कर्ब ०.४, जस्त ०.४. त्या हंगामात त्यांनी झिंक सल्फेट घेतलं, पण फक्त वरच्या तुकड्यापुरतं.