कर्मचारी गळती आणि कार्यसंलग्नता

ठराविक काळात एखाद्या संस्थेतील जितके कर्मचारी नोकरी सोडून जातात, त्यांचे एकूण कर्मचाऱ्यांशी असलेले प्रमाण म्हणजे कर्मचारी गळती होय. कर्मचाऱ्याचे मन, बुद्धी आणि उत्साह त्याच्या कामाशी जोडलेले असण्याच्या अवस्थेस कार्यसंलग्नता असे म्हणतात. संलग्नता वाढली की गळती घटते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. संशोधनाचा कौलही बव्हंशी याच बाजूचा आहे; तथापि वेतन, बाजारातील संधी आणि कौटुंबिक परिस्थिती यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय हे विधान पुरे होत नाही.

संज्ञा आणि मापन

इंग्रजीतील 'एंगेजमेंट' या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. 'गुंतवणूक' म्हटल्यास वाचकाच्या डोळ्यांपुढे पैसा उभा राहतो, 'सहभाग' म्हटल्यास कामगार प्रतिनिधित्वाचा बोध होतो, आणि 'निष्ठा' हा शब्द मालकाशी असलेले नाते सांगतो, कामाशी असलेले नव्हे. म्हणून येथे 'संलग्नता' ही संज्ञा योजली आहे. 'गळती' हा शब्द शिक्षणक्षेत्रामुळे परिचित आहे; मात्र शाळेतून गळलेले मूल बहुधा शिक्षणालाच मुकते, तर नोकरी सोडणारा कर्मचारी बहुधा दुसऱ्या नोकरीवर रुजू होतो.

गळतीचा दर काढण्यासाठी वर्षभरात सोडून गेलेल्यांच्या संख्येस सरासरी कर्मचारीसंख्येने भागून 100 ने गुणतात. वर्षारंभी 480 व वर्षअखेरीस 520 कर्मचारी असलेल्या संस्थेतून 75 जण गेले, तर सरासरी 500 धरून गळतीचा दर 15 टक्के येतो. स्वेच्छेने गेलेले आणि संस्थेने काढलेले यांची गणना वेगवेगळी करावी लागते. निवृत्ती व मृत्यू यांमुळे रिकाम्या झालेल्या जागा स्वेच्छा गळतीत धरत नाहीत.

फोर्ड कारखान्याचे उदाहरण

या विषयाच्या इतिहासात अमेरिकेतील डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील फोर्ड मोटार कारखान्याचा उल्लेख हटकून येतो. 1913 मध्ये तेथे सरकती जुळणी-साखळी सुरू झाली. एकच हालचाल दिवसभर करत राहण्याचे ते काम इतके कंटाळवाणे होते, की त्या वर्षी गळतीचा दर 370 टक्क्यांवर गेला. सुमारे 14,000 कामगार टिकवून धरण्यासाठी कंपनीला वर्षभरात 52,000 हून अधिक माणसे भरती करावी लागली. जानेवारी 1914 मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवसाचे वेतन दुपटीहून वाढवून पाच डॉलर केले आणि कामाचे तास नऊवरून आठवर आणले. 1914 मध्ये दर 54 टक्क्यांवर आणि 1915 मध्ये 16 टक्क्यांवर उतरला.

हे उदाहरण कार्यसंलग्नतेच्या यशाचे म्हणून सांगितले जाते, पण ते तसे नाही. जुळणी-साखळीवरचे काम पूर्वीइतकेच नीरस राहिले. बदलले ते वेतन आणि तास. शिवाय वाढीव रकमेचा भाग नफ्यातील वाटा म्हणून दिला जाई, आणि तो मिळण्यासाठी कामगाराचे घरगुती वर्तन 'योग्य' असावे लागे. ते पाहण्यास कंपनीचे तपासनीस घरोघर जात. माणूस टिकणे आणि माणसाचे मन कामात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येते.

सैद्धांतिक मांडणी

जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी 1958 मध्ये असे मांडले, की नोकरी सोडण्याचा निर्णय दोन गोष्टींवर अवलंबून असतो : सोडावेसे वाटणे आणि सोडणे सोपे असणे. पुढील बहुतेक संशोधन या पायावर उभे आहे. संलग्नतेचा परिणाम मुख्यतः पहिल्या गोष्टीवर होतो. दुसरी बाजाराच्या हाती असते.

विल्यम कान यांनी 1990 मध्ये एका उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शकांचा आणि एका वास्तुरचना संस्थेतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून संलग्नतेसाठी तीन अटी सांगितल्या. काम अर्थपूर्ण वाटले पाहिजे. मोकळेपणाने वागल्यास आपल्यावर बालंट येणार नाही, अशी खात्री हवी. आणि काम करण्यास पुरेसे शारीरिक-मानसिक बळ शिल्लक हवे. यांपैकी दुसरी अट भारतीय कार्यालयांत विशेष दुर्लक्षित राहते. साहेबासमोर अडचण बोलून न दाखवणारा कर्मचारी शांत दिसतो. ती अडचण एकदम राजीनाम्याच्या पत्रातूनच समोर येते.

जेम्स हार्टर, फ्रँक श्मिट आणि थिओडोर हेज यांनी 2002 मध्ये 36 कंपन्यांतील 7,939 विभागांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्या विभागांत संलग्नता व समाधान अधिक, तेथे गळती कमी, असा संबंध त्यातून आढळला. परंतु असा संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. जेथून सतत माणसे जातात, तेथे उरलेल्यांवर कामाचा बोजा पडतो आणि त्यांचेही मन उडते. म्हणजे गळतीमुळेही संलग्नता घटू शकते. टेरेन्स मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये याहून निराळे कारण पुढे आणले. सहकारी, शेजारपाजार, गावाशी जमलेला मेळ आणि सोडल्यास गमवावे लागणारे लाभ यांच्या जाळ्यामुळेही माणूस नोकरीत राहतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

मुंबईच्या गिरण्या

'संलग्नता' हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी याच प्रश्नावर मुंबईच्या कापडगिरण्यांच्या संदर्भात वाद झाला होता. कोकण व देशावरून आलेला गिरणी कामगार पेरणीला, शिमग्याला वा गणपतीला गावी जाई. त्याच्या जागी दारावर उभ्या असलेल्या 'बदली' कामगारांपैकी कोणाला घ्यायचे, हे मुकादम ठरवी आणि त्यासाठी दस्तुरीही घेई. कामगाराचे मन शेतात अडकलेले असल्याने तो गिरणीत टिकत नाही, असे मालकवर्गाचे म्हणणे असे. 1931 च्या शाही श्रम आयोगाने मुकादमांच्या भरतीवरील अधिकारांवर टीका केली, आणि 1935 पासून गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नियमनाची योजना आणली. इतिहासकार मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात मालकांच्या त्या मताला आव्हान दिले : अस्थैर्याचे मूळ कामगारांच्या ग्रामीण मनोवृत्तीत नसून मालकांच्या धोरणांत होते. हा आक्षेप आजच्या चर्चेलाही लागू पडतो, कारण गळतीचा दोष कर्मचाऱ्याच्या स्वभावावर ढकलणे व्यवस्थापनाला नेहमीच सोयीचे असते.

माहिती तंत्रज्ञान क्षेत्र

भारतातील माहिती तंत्रज्ञान कंपन्या आपला गळतीचा दर तिमाही निकालांसोबत जाहीर करतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मुंबईस्थित कंपनीचा मागील बारा महिन्यांचा दर मार्च 2021 मध्ये 7.2 टक्के होता. सप्टेंबर 2022 मध्ये तो 21.5 टक्क्यांवर गेला आणि मार्च 2024 मध्ये 12.5 टक्क्यांवर आला. इन्फोसिसचा दर जून 2022 मध्ये 28.4 टक्के होता. दीड वर्षात कर्मचाऱ्यांचे मन कामावरून तिपटीने उडाले, असे मानण्यास आधार नाही. करोना साथीनंतर मागणी वाढली, दुसरीकडे अधिक वेतन मिळू लागले आणि सोडणे सोपे झाले. पुढे मागणी मंदावताच दर उतरला. त्यामुळे घटलेल्या दराचे श्रेय संलग्नतेच्या उपक्रमांना देताना सावधगिरी बाळगावी लागते.

या क्षेत्रातील अनेक कंपन्यांनी राजीनाम्यानंतरचा सूचनाकाळ 90 दिवसांचा ठेवला आहे. त्यामुळे जाणे लांबते, टळत नाही. आणि त्या तीन महिन्यांत कर्मचारी हजेरीपटावर असला, तरी संलग्न असेलच असे नाही.

कंत्राटदारामार्फत नेमलेले सफाई कामगार, सुरक्षारक्षक वा उपाहारगृहातील सेवक मूळ कंपनीच्या पटावर नसतात. त्यांचे येणे-जाणे तिच्या गळतीच्या दरात मोजले जात नाही.